जळणारा नवरा

३ फेब्रुवारी
तृप्तीच्या मोबाइलमध्ये एक प्रेमकथा सापडली. एकशे चाळीस भाग. पोरगी अकरावीत आहे. मोठी बहीण म्हणून तपासणं माझं कर्तव्य. फक्त पहिला भाग वाचणार.

४ फेब्रुवारी
भाग एकतीस. हीरो शौर्य. हीरोइनशी कुणी नुसतं बोललं तरी भिंतीवर मूठ मारतो. या वयातल्या मुलींना हे का आवडतं, याचा अभ्यास करायचा तर सगळं वाचावं लागेल. हीरोइन अगदीच सामान्य. तिच्यात त्याने काय बघितलं, कळत नाही.

७ फेब्रुवारी
माझी सुपारी फुटून महिना झाला. होणाऱ्या नवऱ्याचा, सोमेश्वररावांचा, रोज आठला फोन येतो, जाफराबादहून, त्यांच्या खत-बियाण्याच्या दुकानातून. आज विचारलं, माझ्याशी दुसरं कुणी बोललं तर? म्हणाले, बोलू दे की, तेवढंच तुला करमंल. मग गिऱ्हाईक आलं.

९ फेब्रुवारी
तृप्तीला विचारलं, पोरींना असा जळका हीरो का आवडतो? म्हणाली, ताई, तो मोबाइलात हाय म्हणून. घरात असता तर भिंतीला गिलावा कोण करत बसलं असतं? उथळ उत्तर. तिने बाराव्या भागातच सोडून दिली म्हणे. मी एकशे चारवर आहे. तिच्यासाठीच.

११ फेब्रुवारी
ठरलं. सोमेश्वररावांना जळवायचं. खोटं बोलू नये ही बाबांची पहिली शिकवण, म्हणून कमीत कमी बोलले. माझ्या बी.एड.च्या वर्गात एक मुलगा आहे, माझ्याकडे बघत असतो. मूठ भिंतीवर आपटल्याचा आवाज येतो का, म्हणून कान लावून बसले. मग त्यांनी विचारलं, शेती किती?

१२ फेब्रुवारी
आज फोन दोनदा. आडनाव काय, मामकूळ कोणतं, बागायत का कोरडवाहू. मी बारा एकर म्हणाले. विहीर त्यांनी विचारली म्हणून दिली. जळून राह्यलेत बराबर. शौर्यसुद्धा आधी माहितीच काढतो.

१५ फेब्रुवारी
सकाळच्या जीपने सोमेश्वरराव आले. सोबत त्यांचे कडूबा मामा. आता भांडण होणार, असं वाटलं. मामांनी चहा बशीत ओतला आणि बाबांना म्हणाले, अर्पितानं आमच्या दैवशालेसाठी लई चांगलं स्थळ काढलं. अजून लग्न न्हाई झालं, अन् पोरगी नणंदेचं बघून राह्यली. बाबांचे डोळे भरले. मग सगळे माझ्याकडे वळले. पोराचा नंबर दे.
मी नंबर नाही म्हणाले. मग म्हणाले, पोरगाच नाही.
मामांनी बशी खाली ठेवली.

१८ फेब्रुवारी
तीन दिवस फोन नाही. आज मीच केला. दैवशालेने लग्न ठरल्याचं मैत्रिणींना सांगून टाकलं होतं. दोन दिवस जेवली नाही. सोमेश्वररावांनी आज गिऱ्हाईकालाही थांबवलं. म्हणाले, माझ्या बहिणीला रडवणाऱ्याला मी सोडत न्हाई. माझ्यासाठी ते असं कधीच बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, सुपारी मोडत न्हाई, पण तिला आधी खरं स्थळ बघून दे. मंग आपली तारीख.

१९ फेब्रुवारी
कॉलेजात दोन मुलांना विचारलं, शेती किती. दोघांनाही वाटलं, मी माझ्यासाठीच विचारतेय. दोघंही नको म्हणाले.