चारचा पेला

५ जानेवारी

पोहोचले एकदाची. वसाहतीतली शाळा, तिसरीचा वर्ग, आणि नेमणुकीच्या पत्रावर माझ्या नावापुढे माझी पदवी. गाडीत ते पत्र इतक्यांदा काढून पाहिलं की शेजारच्या बाई म्हणाल्या, पुरे आता, अक्षरं झिजतील. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिलीच. निघताना आईनं बजावलंय, शिकलीस म्हणून कुणाला तोडून बोलू नकोस, लोकांच्या दारात राहायचंय.

वसाहत दारूच्या कारखान्याची आहे हे मात्र तिच्यापाशी बोलले नाही. नवरा म्हणाला, तुला पोरांना शिकवायचंय, पिंपांना नाही. तो दूर बंदरावर नोकरीला. महिन्यातून एकदा येईल.

खोली घरमालकिणीच्या माडीवर. सगळे त्यांना मावशी म्हणतात, म्हणून मीही. भिंती नुकत्याच रंगवलेल्या, टेबल, खाट, खिडकीतून कारखान्याचं धुराडं. दार जाड आणि आतून मोठी कडी. मावशी म्हणाल्या, एकट्या पोरीला कडी हवीच, सुखानं झोप. इथल्या हवेलाच एक गोड, आंबूस वास आहे. त्या म्हणतात, दोन दिवसांत येईनासा होईल.

१३ जानेवारी

वर्ग गोड आहे. पण चेहरे लक्षातच राहत नाहीत. रोज कुणाला तरी भलत्याच नावानं हाक मारते आणि सगळी खिदळतात. कितीतरी मुलांचे डोळे सारखेच बारके, वरचा ओठ पातळ, आणि नाकाखाली ओठापर्यंत जी पन्हळ असते ती नाहीच. इस्त्री फिरवल्यासारखी सपाट. मी मावशींना विचारलं, ही सगळी भावंडं का? त्या हसून म्हणाल्या, एका कारखान्याचं मीठ खाल्लेली, भावंडंच म्हणायची.

त्यांची नात बाहुली माझ्याच वर्गात. खरं नाव वेगळं आहे, पण तिलाही बाहुलीच आवडतं. काल पाठ झालेली कविता आज कोरी. त्याचं दुःख नाही, गळ्यात पडून सांगते, बाई, माझं डोकं गळकं आहे, आजी म्हणते. मी म्हटलं, डोकं गळत नसतं गं. एका वेळी एकच गोष्ट सांगितली, चित्र काढून दाखवली, की तिला जमते. एकच खोड. जो शेवटी बोलेल त्याचं ती ऐकते. मी म्हटलं खिडकी लाव, की लावते. मागून पोरं म्हणाली उघड, की उघडते. पुन्हा लाव म्हटलं की पुन्हा लावते, आणि रागावत नाही.

२४ जानेवारी

डॉक्टरांच्या आधी मावशींनी ओळखलं. मी जिन्यातूनच वास घेऊन म्हणाले, खाली दूध लागलंय. दूध लागायला अजून वेळ होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, नाक फुटलं बाईला, पाळणा बांधा.

खरंच आहे. इथल्या दवाखान्यात खात्री झाली. फोनवर नवरा एकदम तीन नावं सुचवून मोकळा.

मावशी आता दुपारी चारला स्वतः पेला घेऊन वर येतात. मुळ्या, फळं, मध असं काहीतरी. काळपट, दाट, घशाखाली ऊब उतरते. वसाहतीतल्या सगळ्या पोटुशी बायका घेतात म्हणे, उलट्या थांबतात. माझ्याही थांबल्या. मी संपवेपर्यंत त्या दारात उभ्या राहतात. सख्खी मावशी काय वेगळं करते?

१६ फेब्रुवारी

आज वर्ग कारखाना पाहायला नेला. पिंपं, नळ, बाटल्या, सगळं दाखवलं. शेवटची खोली चवीची. लांब टेबल, खिडकीजवळ उशा घातलेल्या खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीत एक गरोदर बाई.

मुकादम कौतुकानं सांगत होता. या दिवसांत बाईच्या नाकासारखं नाक नाही. यंत्राला न कळणारी खोट हिला कळते. इथला माल नावाजला तो या नाकवाल्यांमुळे. मी विचारलं, चव घेऊन थुंकतात ना? तो दुखावला. म्हणाला, थुंकायचं म्हणजे ज्यानं गाळली त्याच्या तोंडावर थुंकायचं. इथं कुणी थुंकत नाही, बाई. पोटात गेल्याशिवाय निकाल नाही.

बाहुली एका खुर्चीवर हात फिरवून म्हणाली, माझी आई इथंच बसायची, मी आत होते.

मुलं खिडकीशी रांगेनं उभी होती. तोंडावर ऊन. सपाट ओठ, बारके डोळे. शिक्षणशास्त्राच्या वर्षात एक धडा होता, परीक्षेत येत नाही म्हणून सगळ्यांनी सोडलेला. मी वाचला होता. आईनं गरोदरपणी घेतलेली दारू वारेतून बाळापर्यंत जाते. मेंदूवर परिणाम होतो, तो आयुष्यभर राहतो. काहींचा चेहरा असा होतो, काहींचा होतही नाही. नुसतं विसरणं, चिडणं, कुणाच्याही सांगण्यावरून कुठंही जाणं. किती घेतली तर चालते? चालते असं प्रमाणच माहीत नाही.

हे आठवतच होते. तेवढ्यात मुकादमानं एका बाईपुढे काळपट, दाट पेला ठेवला. मी दारात होते. तिथूनच वास आला. जळका मध, त्याखाली लवंग, त्याखाली तो ऊबदार डंख.

ओळखीचा होता. रोज चारला माझ्या टेबलावर असतो.

१७ फेब्रुवारी

मावशींना विचारलं. लपवलं नाहीच त्यांनी. म्हणाल्या, त्यात काय, औषधापुरती असते. मी म्हटलं, मला सांगायचं तरी. त्या म्हणाल्या, सांगितलं असतं तर प्यायली असतीस?

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नाही. मला चव कळणार कशी? पण नाक होतं ना. हवेत तोच वास, म्हणून विचार केला नाही. किती दिवस झाले ते मोजवत नाही.

धड्यातली एक ओळ मात्र पाठ आहे. ज्या दिवशी थांबवाल त्या दिवसापासून बाळाला फायदाच. म्हणजे आजपासून.

चारला पेला आला. त्यांच्यादेखतच खिडकीतून ओतला.

१९ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, घोटभरानं रक्त वाढतं. म्हणाले, मी इथलाच, माझी आई खुर्चीत बसायची, मला काय झालंय? आणि गेल्याच आठवड्यात तपासलेल्या मला त्यांनी विचारलं, तुम्ही नवीन का?

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, पहिल्याच नोकरीत नाकानं कांदे सोलू नकोस, चांगली माणसं आहेत. मी रडले तेव्हा म्हणाला, बरं, येतो.

२१ फेब्रुवारी

कारखान्याच्या ड्रायव्हरच्या नव्या सुनेला दिवस गेलेत, आज तिला खुर्चीत बसवलं. ती नको म्हणत होती. चार जणींनी धरलं. मारून नव्हे, लाडानं, गुदगुल्या कराव्यात तसं. एकीनं नाक चिमटीत धरलं. सगळ्या हसत होत्या. ती खोकली आणि मग तीही हसली. मी मध्ये पडले तर म्हणाल्या, रुसू नका बाई, तुमचीही खुर्ची ठेवलीय, उशी नवी भरलीय.

ज्यांनी धरलं त्यांची मुलं माझ्या वर्गात आहेत. त्या दुष्ट नाहीत. हेच मला—

चार वाजले की तोंडाला पाणी सुटतं. पेला नसतानाही.

२३ फेब्रुवारी

पिशवी भरून फाटकापर्यंत गेले. पहारेकऱ्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, फाटक उघडलं नाही. पोटुशी बाई, खडबडीत रस्ता, डॉक्टरांची मनाई आहे म्हणे. मावशी न्यायला आल्या. वाटेत साऱ्या बायका दारात उभ्या, जपून चला, जपून चला.

मला माडीवर पोचवून त्या पेला आणायला खाली गेल्या. मी पुन्हा पळाले आणि जिन्यात पाय मुरगळला. टेकवत नाही. पोटाला काही लागलं नाही, नाही लागलं. जिन्यात खेळत असलेल्या बाहुलीनं हाताला धरून खाटेवर आणलं. कडी तिनंच लावली, स्टुलावर चढून. मी सांगितलं म्हणून.

नवऱ्याचा फोन. निघालाय. उद्या पोचतो.

२४ फेब्रुवारी

बाहुली खाली आजीकडे जायला तयार नाही. बरंच आहे, मला दारापर्यंत जाववत नाही. तिला चित्र काढून दिलं. दार, कडी, त्यावर फुली. चित्राकडे बघत बसलीय.

मावशी बाहेर आहेत. आवाज मऊ. दिवस गेलेली पोर उपाशी राहते का गं.

नंतर—

जिन्यावर आणखी पावलं. बायका आहेत. हसतायत. दाराच्या फटीतून वास येतो. मध, लवंग. माझा हात आपोआप—

नाही.

मावशी म्हणाल्या, बाहुले, कडी काढ. ती उठली. मी म्हटलं, बस. बसली. पुन्हा त्या. पुन्हा मी. बिचारी उठते, बसते. हसते.

नंतर—

त्याचा आवाज. आला. आला तो. मी ओरडून त्याला सांगितलं, सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, मावशींनी मला समजावलंय. म्हणाला, मीही घोटभर घेऊन पाहिलं, छान आहे, औषधच आहे. बाळाच्या जिवाशी खेळू नकोस. उघड.

त्यालाही दिलाय.

आता तो बाहुलीशी बोलतोय. तिला म्हणाला, शहाणी ना तू, काढ कडी. ती स्टूल ओढतेय. मी म्हटलं, थांब. थांबली. तो म्हणाला, काढ. मी थांब म्हटलं. घसा बसलाय. पोटातल्या बाळा, तुझ्यासाठी हे लिहून ठेवतेय, की मी त्या दिवसापासून एकही थेंब—

ती स्टुलावर आहे. माझ्याकडे बघतेय. शेवटचं माझंच असायला हवं. मी बोलत राहिलं पाहिजे, लिहिताना बोलता येत ना