चौकातला तुझा चेहरा

प्रिय सुमनताई,

उद्या तुला जाऊन वर्ष होईल. काकांचा दिनेशदादा पुन्हा चौकात तुझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावतोय, म्हणून आज लिहायला बसले.

गेल्या वर्षीचा फ्लेक्स तू पाहिला असतास ना, तर हातातला खडू फेकून मारला असतास! बोर्ड आडवा, तुझा फोटो उभा. दादाला बोर्ड भरलेला हवा होता. झालं! उंची वीसपट केली आणि रुंदी ओढून चाळीसपट. आई त्याखाली उभी राहून म्हणाली, "ही माझी सुमन न्हाई. कुनाची बाई हाय ही?"

लोकांना वाटलं, दुःखानं तिचं डोकं फिरलं. मला मात्र तुझा निगडीतला आठवीचा क्लास आठवला. दोन्ही बाजू सारख्याच पटीनं वाढवा, म्हणायचीस. लांबी दुप्पट झाली की क्षेत्रफळ चौपट होईल, पण कोन जागचा हलणार नाही. एकच बाजू ओढलीत, तर आकृती परकी होईल. तुझ्या भुवया, जिवणी, हनुवटी, सगळ्यांचे कोन बिघडले होते गं.

आता डोळे मिटले की तोच रुंद चेहरा समोर येतो. तुझा खरा चेहरा हातातून निसटतोय, ताई. मला भीती वाटते.

आणि तुला फोटोची एवढी कसली लाज? मोबाईल धरला की पदर आडवा! ओळखपत्राचा एवढासा फोटो तेवढा मागे ठेवलास.

काल तो घेऊन पिंपरीतल्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. सलीमभाईंना म्हटलं, "उंची वीसपट, रुंदीही वीसपटच." त्यांनी तसं केलं. चारशेपट जागा व्यापलीस, तरी कोन जिथल्या तिथे. तूच होतीस! मला तिथेच रडू फुटलं.

मग डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. एवढ्याशा फोटोत ती कधी जाणवलीच नव्हती. ज्या दुखण्यानं तू गेलीस, ते तेव्हापासूनच होतं का गं? आम्हाला का नाही सांगितलंस?

"पुसून टाकू का, ताई? एकदम फ्रेश दिसतील," सलीमभाई म्हणाले. मी नको म्हणाले.

"मग दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहणार. दिनेशभाऊ बोलले, तिथं त्यांचे आणि मंडळाच्या पोरांचे फोटो टाका."

दादाला फोन लावला, तर तो भडकलाच. "रेखा, एवढा बोर्ड काय मोकळा ठेवायचा? चौकात इज्जत जाईल आपली!" मी फोन ठेवून दिला. सलीमभाईंना म्हटलं, बाजू मोकळ्याच ठेवून छापा.

ताई, शब्द देते, ती जागा मोकळीच राहील. सकाळी आईला तिथे नेईन, काहीच सांगणार नाही. तिनं वर बघून तुला हाक मारली, तर फ्लेक्स राहील. नाही मारली, तर दादाच्या देखत मीच तो उतरवीन.

तुझ्या चेहऱ्यासाठी भांडणारी,
रेखा