गाठ कशाची?

१४ नोव्हें., शुक्र.
भोरला वंदनाची सोनोग्राफी झाली. भातकापणीपासून उजव्या बरगडीखाली दुखत होतं. आम्ही आपलं वाकून वाकून भरलं असेल म्हणत बाम चोळत बसलो. लिव्हरमध्ये गाठ निघाली, चांगली मोसंबीएवढी. सरळच विचारलं, कॅन्सर आहे का. डॉ. म्हणाले तसं वाटत नाही, गाठीत चुना धरलाय, जंताची जुनी गाठ दिसते. मेंढरं, कुत्री असतात का घरी? म्हटलं हिचं सगळं लहानपण माहेरच्या धनगरवाड्यावर मेंढरांतच गेलंय. मग बरोबर, म्हणाले. कुत्र्याच्या पोटातल्या जंताची अंडी माणसाच्या पोटात जातात आणि आत वर्षानुवर्षं गाठ वाढत राहते. मेंढरंवाल्यांत असे पेशंट सापडतात. सध्या गोळ्या घ्यायच्या, मग पुण्याला दाखवायचं. कुत्र्यालाही जंताचं औषध द्या, हात धूत जा.

जंत! जंत झाले म्हणून एवढा आनंद कुणाला झाला नसेल. येताना कापूरहोळला थांबून दोन प्लेट भजी घेतली. तिनं एकच खाल्लं, बाकी मी संपवली. संध्याकाळचं दूध डेअरीला उशिरा पोचलं, त्यांनी तोंड वाकडं केलं. करू दे.

१६ नोव्हें., रवि.
शेठला कापूरहोळला सोडून आलो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला वं.नं माहेरून पदरात घालून आणलेलं पिल्लू. आधी खाणार, मग आडवा होणार, दुपारी कुणी उठवलं की नाराज होणार, म्हणून नाव शेठ.

आईनं दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं, त्या कुत्र्यानं माझ्या सुनेचं काळीज खाल्लं म्हणून. डॉ.नी औषध द्या म्हटलं होतं, हाकला म्हटलं नव्हतं. पण मलाही कुणावर तरी राग काढायचाच होता. वं. दारात उभी होती. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

गडी माझ्या दुधाच्या टेम्पोत पुढच्या सीटवर रुबाबात बसला, तोंड खिडकीबाहेर. ढाब्याच्या मागं उतरवला, हाडं टाकली आणि तो खात असताना गाडी काढली. आरशात बघितलं नाही.

२ डिसें., मंगळ.
गोळ्यांनी काडीचा फरक नाही. बांगड्या कोपरापर्यंत जातात. जेवण झालं की उरलेली भाकरी घेऊन अंगणात जाते, मग आठवतं, तशीच परत येते.

वं.चे वडील, मामा, आले होते वाड्यावरून, मुलीला बघायला. तिच्याशी इकडचं तिकडचं बोलले. निघताना मला गोठ्याकडं नेलं.
"माज्याच कुत्र्यांनी केलं का वो हे, पाव्हणं?"
म्हटलं मामा, जंत आहेत, निघतील. त्यांनी वाड्यावरची कुत्री बांधून टाकलीत. मेंढरंही विकायची म्हणत होते. जन्मभर ज्यांच्यामागं फिरले त्यांच्याकडं आता बघवत नाही म्हणे. मी धीर दिला, पण माझाच आवाज मला पोकळ वाटला.

मला भीती वाटते. इथं लिहून टाकतो, म्हणजे घरात बोलावं लागणार नाही.

१० डिसें., बुध.
पुणे. मोठं हॉस्पिटल. सीटी स्कॅन. सकाळचं दूध शेजारच्या टेम्पोवर दिलं.

इथल्या मॅडम कमी बोलतात. रक्तात जंताची खूण नाही, गाठ पाण्याची नाही, भरीव आहे, एवढंच म्हणाल्या. सुई घालून तुकडा घ्यायचा. म्हटलं मग जंत नाहीत? म्हणाल्या, नाहीत.

इतके दिवस मी देवाकडं मागत होतो की जंत मरू देत. आज मागितलं, जंतच असू देत.

१९ डिसें., शुक्र.
कॅन्सर.

मॅडमनी मला एकट्याला आत घेतलं. रिपोर्टमध्ये लिव्हरचा कॅन्सर लिहिलाय. त्यांनी वं.चं सगळं विचारलं होतं: दारू? कावीळ? घरात कुणाला? कशालाच हो नाही. तरी रिपोर्ट खाली ठेवेनात. म्हणाल्या, "वय अठ्ठावीस, आणि गाठ सोडली तर बाकीचं लिव्हर इतकं निरोगी. मला हे जुळत नाही." तोच तुकडा आता दुसऱ्या तज्ज्ञाकडं जाणार, जो फक्त लिव्हरचं बघतो. मला वाटायचं कॅन्सर म्हणजे कॅन्सर. तर त्यातही जाती आहेत, आणि जात कळल्याशिवाय रस्ता ठरत नाही. औषधाचा उपयोग होईल का, कापता येईल का, सगळं त्यावर.

म्हणजे कॅन्सर आहे हे पक्कं, कुठला ते नाही. हे ऐकून माणसानं काय करावं?

वं.ला सांगितलं की अजून तपास चालू आहे. नसरापूर ओलांडलं. मग म्हणाली, "आज तुमी एकदाबी हॉर्न वाजवला न्हाई." गाडी बाजूला घेतली. तिनंच माझ्या पाठीवर हात ठेवला. झालंय तिला, आणि ती माझी पाठ थोपटते.

२३ डिसें., मंगळ.
डेअरीवर कळलंय. कळणारच. दुधाचं फॅट बघणारा म्हणाला, लिव्हरचं दारूनं होतं ना रे, मग वहिनीला कसं? सगळे माझ्याकडं बघायला लागले. बरोबर आहे. शनिवारी ढाब्यावर बसणारा मी. तिनं ताकाशिवाय काही घेतलं नाही. माझं लिव्हर तपासलं तर ठणठणीत निघेल. हा कुठला न्याय.

एकजण म्हणाला चोरून पीत असेल. कॅन उचलून मारणार होतो. दुधानं भरलेला होता म्हणून वाचला.

२८ डिसें., रवि.
रिपोर्ट नाही. रोज फोन करतो, रोज उद्या म्हणतात.

घरातल्या प्रत्येक वस्तूचा संशय येतो. विहिरीचं पाणी. खताच्या गोण्या, ज्या आपण माळ्यावर ज्वारीशेजारी ठेवतो. ॲल्युमिनियमची पातेली सगळी बाहेर काढली. आई म्हणते नवस राहिलाय. असेल. बोकड म्हणा, काय म्हणा, फेडतो.

काल किकवीच्या पुढं एकजण लिव्हरचा पाला देतो कळलं, तिथं गेलो. रस आणून पाजला. दिवसभर उलट्या. मॅडमना फोन केला तर इतक्या चिडल्या की मला रडू आलं. वं. म्हणाली, "तुमाला काय तरी केल्याबिगर बसवत न्हाई. पर माज्यावर नका करू." बरोबर बोलली. पण मग करू कुणावर?

५ जाने., सोम.
नाव मिळालं. फायब्रोलॅमेलर. मी मॅडमकडून कागदावर लिहून घेतलं, येताना टेम्पोत आम्ही दोघं ते म्हणून बघत होतो. वं.ला माझ्याआधी जमलं.

दुर्मीळ आहे. तरण्या माणसांना होतो, लिव्हर निरोगी असताना. दारूचा संबंध नाही, काविळीचा नाही. मॅडमनी पेनानं काढून दाखवलं: गाठीच्या पेशी, आणि त्यांच्यामधून चिवट धाग्यांचे पट्टे. तुकड्याची वेगळी तपासणी केली तेव्हा पक्कं झालं. म्हणाल्या, एका पेशीत आतल्या आत एक चूक होते, तिथून सुरू. पाण्यानं नाही, खतानं नाही, आईबापाकडून नाही. मी तरी विचारलंच, कुत्र्यानं? नाही. मग कशामुळं? म्हणाल्या, ती चूक का होते ते अजून कुणालाच माहीत नाही.

नेहमीच्या औषधांचा यावर फारसा भरवसा नाही. कापून पूर्ण काढता आली तर आशा. आजूबाजूच्या लिम्फच्या गाठींत गेलंय का ते आणखी एक स्कॅन करून बघणार.

बाहेर आल्यावर वं. इतकंच म्हणाली, "मग शेठला कशापायी सोडलं?"

७ जाने., बुध.
वाड्यावर जाऊन मामांना सांगितलं. मला वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. कुत्र्यांचं नाही, मेंढरांचं नाही, तुमचं काही चुकलं नाही. त्यांनी सगळं ऐकलं. बराच वेळ काठीनं माती उकरत बसले.
"मंग कुणामुळं?"
कुणामुळंच नाही, म्हटलं.
"आसं कसं? कुणामुळं तरी आसंल की."
आणि मग रडले. जंत होते तेव्हा एवढे रडले नव्हते. मला कळलं ते. दोष आपला असला तर माणूस पाया पडतो, मेंढरं विकतो, काहीतरी करतो. हे तर हातातच येत नाही.

कुत्री मात्र सोडली त्यांनी. साखळी काढताना एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवत होते.

८ जाने., गुरु.
दूध घालून तसाच कापूरहोळला. ढाब्यावर शेठ नव्हता. गॅरेजवाले म्हणाले महिनाभर इथंच होता, प्रत्येक दुधाच्या टेम्पोमागं धावायचा, मग दिसला नाही. हे सांगायची काय गरज होती त्यांना.

किकवीकडं हायवेनं हळूहळू गेलो, मागचे शिव्या देत होते. पंक्चरवाल्याच्या टपरीखाली टायरमध्ये झोपलेला सापडला. एक कान फाटलाय, लंगडतो. मी नुसतं दार उघडलं. आला, चढला, आपल्या सीटवर बसला, तोंड खिडकीबाहेर. एवढाही राग नाही. मी असतो तर चावलो असतो.

वं. ओट्यावर बसली होती. तिला उठवत नाही आता पटकन. शेठनंच अंतर कापलं. तिनं त्याच्या फाटक्या कानाला हळद लावली. आई आत गेली, भाकरी घेऊन आली, त्याच्यापुढं टाकली आणि पदर तोंडाला लावला.

१७ जाने., शनि.
स्कॅनमध्ये लिव्हरजवळ एकदोन गाठी संशयाच्या आहेत. मॅडम म्हणाल्या, आत बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. उघडायचं. आवाक्यातलं असेल तर सगळं काढायचं, लांब पसरलेलं असेल तर काही न काढता बंद करायचं. मला हे कळायला वेळ लागला. वं.नं लगेच विचारलं, बंद केलं तर पुढं? मॅडम म्हणाल्या, तर पुढं आपण बोलू.

घरी कुणी जेवलं नाही. मला तिच्याशिवाय काही जमणार नाही. भाकरी करता येत नाही हा प्रश्न नाही. सकाळी कॅन भरताना ती मागून काहीतरी टोमणा मारते, त्यावर माझा दिवस निघतो.

२ फेब्रु., सोम.
आत नेलं.

नेण्याआधी म्हणाली, "लवकर भायेर आणलं तर मला खोटं सांगू नका. डोळं उघडलं की तुमचं घड्याळ दावा. मी वळकीन." व्हय म्हटलं.

मॅडमनी जाताना सांगितलं की नुसतं उघडून बंद केलं तर लवकर उरकतं. काढायची असेल तर वेळ लागतो, दुपार टळेल.

आयुष्यभर उशिरावर चिडलो. दूध नासतं, डेअरी ओरडते, लग्नात मंगलाष्टकंही लांबली तेव्हा घड्याळ बघत होतो, ती अजून ऐकवते. आज पहिल्यांदा म्हणतोय, उशीर कर बाबा. कितीही कर.

मामा शेजारी बसलेत, पागोटं मांडीवर. सारखं विचारत होते, झालं का? मी त्यांना समजावलं की झालं नाही तेच चांगलं. तेव्हापासून विचारत नाहीत. नुसते दाराकडं बघतात.

आईचा फोन. शेठ सकाळपासून टेम्पोखाली बसलाय, खात नाही. म्हटलं बसू दे.

आमच्यानंतर गेलेल्या पेशंटच्या माणसांना बोलावलं. ते उठून गेले. आमचं अजून नाही. मामांनी चहा आणू का विचारलं. म्हटलं आणा, बसून पिऊ, वेळ आहे.

चहा आला नाही अजून. दार उघडलंय. हिरव्या कपड्यातली बाई कागदावर नाव शोधतेय, सूर्य अजून खिडकीच्या ह्या बाजूलाच आहे, दुपार टळलेली नाही. आमचं नको. दुसरं कुणाचंही