हातात पिन, खिशात कागद

ता. ४ मार्च

तीर्थरूप मामांस, भोवऱ्याचा शि. सा. न. वि. वि.

परवाची चूक माझी. विमान मागे ढकलताना कानाच्या वायरीतून कॉकपिटमध्ये तुमच्याशी ब्रेक आणि इंजिन एवढंच बोलायचं. पण आईच्या डोळ्याची पट्टी निघाली, तिनं भिंतीवरचं घड्याळ वाचलं, हे माझ्या पोटात राहिना. वायर काढेपर्यंत तुम्ही तुमच्या ताईचंच विचारत होतात आणि शेजारचा वैमानिकही ऐकत बसला. मी बाजूला होऊन, ढकलताना पुढच्या चाकाला लावतात ती पिन काढल्याची दाखवली, तुम्ही अंगठा दाखवून निघालात. पंखांमागचे फ्लॅप बाहेर आलेच नव्हते. त्यांच्याशिवाय विमान नीट उचलत नाही, हे माझ्यासारख्या चौथी नापासालाही कळतं. पळत सुपरवायझरकडे गेलो. तो म्हणाला, आता तू कॅप्टनला शिकवणार. पण त्यानं रेडिओवर कळवलं, उड्डाणाआधी फ्लॅप बाहेर आले, म्हणून निभावलं.

आता चौकशी आहे. मी सांगतो, वायर खरखरत होती. तुम्हीही तेच सांगा. तुमची नोकरी गेली तर आई मला दारात उभं करणार नाही.

रागवा, पण उत्तर धाडा.
भोवरा

ता. ९ मार्च

चि. भोवऱ्यास अनेक आशीर्वाद.

बिचाऱ्या वायरीला कशाला बदनाम करतोस? मी खरं तेच लिहून दिलं. तपासणीची यादी अर्ध्यावर राहिली आणि ती झाली असं मी धरून चाललो. माझ्यावर लक्ष ठेवायचं काम शेजारच्याचं, तर तो माझ्या आनंदात सामील. आत चार डोळे, आणि चारही ताईच्या एका डोळ्यात. पाहिलंस ते तूच. तुझी चूकही लिहिली, नजरही लिहिली. तुला समज देऊन सोडतील. माझं उड्डाण महिनाभर बंद, मग परीक्षा. या वयात पाटी-पेन्सिल.

यापुढे वायरीवर मी तुझा मामा नाही. घरचं सगळं कागदावर. मामीनं तुझा कान पिळायला सांगितलाय, तो तूच पिळून घे.

माया आहे तशीच.
मामा

ता. १६ एप्रिल

तीर्थरूप मामांस, शि. सा. न. वि. वि.

काल वायरीत तुमचा आवाज आला आणि मी जीभ दाताखाली धरली. ब्रेक सोडा, इंजिन सुरू करा, वायर काढतो. बस्स. तुम्हीही परक्यासारखे बोललात, बरं वाटलं. फ्लॅप बाहेर येईपर्यंत मी जागचा हललो नाही.

सोबतचा कागद तेव्हा माझ्या खिशात होता. ऑपरेशननंतर आईनं पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं लिहिलंय. ओळी वर चढल्यात, पण तुमच्यासाठीच आहेत. तो पोटात ठेवणं किती जड गेलं, माझं मला ठाऊक.

जमिनीवर असाल तेव्हाच उघडा. खुर्चीत बसून, हवा तेवढा वेळ वाचा.

कान पिळून झाला, मामींना कळवा.
भोवरा