‘सात पायांचा घोडा’ आणि त्यातले सहा शब्द

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारा, वय बहात्तर, स्वखुशीने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डावा कान कामातून गेला आहे, पण मृत्युपत्राला कान लागत नाही असे वकीलबाई म्हणतात. आयुष्य चांगले गेले. काळजी एकच आहे, ती कलम चारमध्ये लिहिली आहे.

१. दुकान, त्यावरच्या दोन खोल्या आणि बँकेत असेल ते सगळे माझ्या एकुलत्या एका मुलीचे. भिंतींना रंग तिने आपल्या पसंतीचा द्यावा. माझी पसंती तिला कधीच पटली नाही.

२. पेचकस, चिमटे, तेलाच्या कुप्या समोरच्या टेलरमास्तरांना. वीस वर्षे ते या वस्तू उसन्या नेतात. आता परत आणून द्यायचा त्रास वाचेल, जो त्यांनी तसाही फारसा घेतला नाही.

३. ड्रमसेट शेजारच्या काकूंना. भिंतीपलीकडून तो त्यांनी जन्मभर सोसला. ठेवावा, विकावा की फोडावा, त्यांची मर्जी. फोडायचा झाल्यास मोठ्या ड्रमपासून सुरुवात करावी.

४. आता मूळ टेप. तरुणपणी आमचा चौघांचा रॉक बँड होता. एकच अल्बम निघाला, ‘सात पायांचा घोडा’. दोन बाजू, दोनच गाणी, एकेक बावीस मिनिटांचे. घेणारे बहुतेक आमचे नातेवाईक. ताल सात मात्रांचा. ऑर्गनवाला एकटा वाजवत सुटला की आम्ही कुठे शिरायचे ते कोणालाच कळत नसे. म्हणून तालमीत मी सात अक्षरे ओरडायचो : आ-ता-स-ग-ळे-जे-वा. रेकॉर्डिंगच्या दिवशी ती ओठांतल्या ओठांत म्हणायची ठरली होती. पण जित्याची खोड, मी ओरडलो. स्टुडिओवाल्याची बहीण बाहेर आमच्या जेवणाचे बघत होती. तिने दार उघडून खडसावले, “अहो, थांबा की! अजून ताटं वाढायचीत!”

आम्ही वाजवतच राहिलो, आणि तसे पुन्हा कधी वाजले नाही. नंतर तीनदा प्रयत्न केला, सगळे पाणचट. म्हणून तेच ठेवा असा मी हट्ट धरला. ऑर्गनवाला म्हणाला, “जन्मात एकदा असं वाजवलं, आणि त्यावर ताटं!” तो तेव्हाच निघून गेला. एकेचाळीस वर्षे आमचे बोलणे नाही.

पुढच्या वर्षी मी तिच्याशी लग्न केले. मुलगी दोन वर्षांची असताना ती गेली. घरात तिचे फोटो आहेत, आवाज मात्र एवढाच, सहा शब्द. मुलगी लहानपणी आई ऐकायची म्हणून हट्ट करायची आणि मी सुई त्याच जागी ठेवायचो. आता रेकॉर्ड तिथे खरवडली आहे, नुसती खरखर येते. म्हणून टेपला जपायचे.

एक कंपनी अल्बम पुन्हा काढते आहे. दाराचा आणि बाईचा आवाज ‘स्वच्छ’ करून देऊ म्हणते. ऑर्गनवाल्याने होकार दिल्याचे कळते. त्याला दोष देत नाही. त्याचे वाजवणे खरोखर सोन्यासारखे होते, हे मी त्याला कधी सांगितले नाही, ते येथे सांगतो. तरीही टेप मुलीला देतो. त्यातले काहीही कोणीही पुसू नये.

५. ऑर्गनवाल्याला काहीच देत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असा वकीलबाईंचा सल्ला आहे, आणि मला त्याची सही हवी आहे. निरोप धाडला आहे. येईल. आमच्यात वेळेवर येणारा तो एकटाच होता.

ठिकाण : दुकानावरची पुढची खोली
दिनांक : ९ मार्च २०२३
(सही) लिहून ठेवणारा

साक्षीदार १ : (सही) वकीलबाई. माझ्यासमोर वाचून सही केली.

साक्षीदार २ : (सही) ऑर्गनवाला. वाचले. सही करण्याआधी घरी जाऊन आलो. कंपनीला नकार कळवतो. माझे वाजवणे तपासायला मी ऑर्गनवर छोटा टेपरेकॉर्डर चालू ठेवत असे. त्या दिवशी तणतणत निघालो आणि तो बंद करायचा राहिला. दुसऱ्या दिवशी आणला, पण रागापोटी कधी ऐकला नाही. आज ऐकला. सगळे जेवत असताना वहिनी वीस मिनिटे बोलल्या आहेत, खूप हसल्या आहेत. कॅसेट मुलीला दिली. ती आतल्या खोलीत ऐकते आहे.