फुटक्या गोळ्या

३ जून
नोकरी लागली आणि घरही मिळालं, दोन्ही एकाच आठवड्यात. नवरा बोटीवर, वर्षातून एकदा येणार. तेव्हा या नव्या गावात मी आणि सासूबाई, दोघींचंच राज्य. कारखाना पायी दहा मिनिटांवर आहे. तिथे जस्ताच्या गोळ्या बनतात, अंगात ताकद यावी म्हणून लोक घेतात त्या. माझं काम निवडण्याचं. पट्ट्यावरून गोळ्या सरकत येतात, त्या बोटांनी चाचपायच्या आणि टवका उडालेली बाजूला काढायची. डोळ्यांआधी बोटांना कळतं. आमच्या विभागाच्या प्रमुखांना सगळ्या मोठ्या बाई म्हणतात. त्या म्हणाल्या, अशी बोटं दहा वर्षांत बघितली नाहीत. दिवसभर मी हवेत होते.

९ जून
खोलीला खिडकी नाही. बाहेरच्या दमट हवेनं गोळ्या भुसभुशीत होतात, म्हणून. आम्ही बारा जणी. फुटक्या गोळ्या विकता येत नाहीत आणि टाकवत नाहीत. त्या स्टीलच्या वाडग्यात जमतात आणि चहाच्या सुट्टीत वाडगा फिरतो. चार-पाच तोंडात टाकायच्या, हव्या तर घरी न्यायच्या. चव लिंबाची. शेजारी बसणारी चिमणी, तिचं हे टोपणनावच, म्हणाली की बाहेरचे लोक एकेक मोजून खातात, आपण शेंगदाण्यासारख्या खातो, याला म्हणतात श्रीमंती. मला मळमळलं. सुरुवातीला सगळ्यांना होतं म्हणे.
गमतीची गोष्ट म्हणजे सगळ्या जणी पाय फाकवून, फरशीकडे बघत चालतात. भिंतीला कंबरेएवढा दांडा आहे, तो धरून. फरशी गुळगुळीत आहे, म्हणून असेल.

२० जुलै
आज सासूबाईंसाठी फुटक्या गोळ्यांची पुडी आणली. त्या नको म्हणाल्या, पासष्ट वर्षं वरण-भातावर काढली, आता हे खडू कशाला. मी वादात हार मानणारी नाही. अर्धा तास बोलले: माणसानं आपल्या शरीराबद्दल अडाणी राहणं हा गुन्हा आहे, झिजलेल्या हाडामांसाला धातू लागतात, वय हे कारण नव्हे, सबब आहे. शेवटी त्यांनी हात पुढे केला. म्हणाल्या, हिला चौकात उभी करा, लोक खिसे रिकामे करून घरी जातील.
उद्यापासून रोज सकाळी चार.

१४ डिसेंबर
दम लागतो. जिन्यावर दोनदा बसावं लागतं. चिमणीचा चेहरा कागदासारखा झालाय, माझाही असावा. मोठ्या बाईंना सांगितलं. त्यांनी वाडगा माझ्यापुढे सरकवला. अशक्तपणा म्हणजे अजून कमी पडतंय, असं त्यांचं म्हणणं. त्या स्वतः आमच्या दुप्पट खातात. मला पटलं. सासूबाईंच्या तळव्यांना मुंग्या येतात. त्यांच्याही दोन वाढवल्या.

२ मार्च
कारखान्यातून घरी आले. सासूबाईंनी विचारलं, दुसरी चप्पल कुठे. पायात एकच होती. वाटेत कुठे सुटली ते कळलं नाही. तळव्यातून रक्त येत होतं, तेही त्यांनीच दाखवलं. दुखलं नाही.
टवका आता बोटांना लागत नाही. बघून निवडते. सगळ्याच बघून निवडतात. कधीपासून, ते विचारलं नाही.

११ मे
पावणेअकराला दिवे गेले. खोलीत मिट्ट काळोख. आम्ही पट्ट्याशी उभ्या होतो. मग आवाज आले, एकामागून एक, पोती टाकल्यासारखे. मीही जमिनीवर होते. कधी पडले, माहीत नाही. कुणी ओरडलं नाही.
दिवे आले. बाराच्या बारा जणी खाली. मोठ्या बाई दाराशी, त्याही खाली. डोळ्यांना दिसलं तेव्हा पाय सापडले आणि आम्ही दांडा धरून उठलो. कपडे झटकले. पट्टा सुरू झाला.
आज वाडगा दोनदा फिरला.

१३ मे
डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी मला पाय जुळवून डोळे मिटायला सांगितलं आणि मी पडायच्या आत धरलं. काय काय खाते ते विचारलं. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं.

१७ मे
रक्ततपासणीचा कागद आला. तांबं जवळजवळ नाहीच. जस्त फार झालं की शरीर तांबं आत घेत नाही, आणि तांब्यावाचून रक्त आटतं, पाठीच्या कण्यातल्या नसा मरतात. गोळ्या आजच बंद. रक्त भरून येईल, नसांचं सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूबाईंना उद्याच आणा म्हणाल्या.
कारखान्यात कागद वाचून दाखवला. उभी राहून, मोठ्यानं, मला बोलता येतं तसं. सगळ्यांनी ऐकलं. चिमणी म्हणाली की तिच्या पायांना गेली तीन वर्षं काहीच कळत नाही, आणि खरं सांगायचं तर बरं वाटतं, गुडघे दुखायचे थांबले.
मग वाडगा फिरला. माझ्याकडे आला. मी पुढे दिला.

१९ मे
सासूबाई दवाखान्यात यायला तयार नाहीत. मी पुड्या फेकल्या, त्यांनी उशीखाली ठेवलेल्या काढल्या. मी कागद दाखवला, ओरडले, रडले. त्या शांतपणे चघळत होत्या.
"पटवलंस तेव्हा यापेक्षा छान बोलली होतीस."

२० मे
त्यांना भिंत धरूनच जाता येतं. मोरीत पडल्या. तोंडाला साबण लावताना डोळे मिटले म्हणून. कपाळावर खोक. त्यांना कळलीच नाही. मी सांगितलं, आई, यापुढे माझ्यादेखतच अंघोळ करायची. हो म्हणाल्या.

२१ मे
पेन धरलंय का ते बघावं लागतं. बघितलं नाही तर सुटतं. अक्षर मोठं येतंय.

२२ मे
सकाळ. मोरीत पाणी सुरू आहे. मला न सांगता गेल्या. आतून कडी —
हाक मारली. आई, डोळे उघडे ठेवा. साबण नको.
हो म्हणाल्या —
आता काहीतरी पडलं. तांब्या असेल. पुन्हा हाक मारली. पाणी तेवढं वाहतंय.
उठते आहे. पाय खाली टेकलेत का, ते बघायला हवं, म्हणजे वहीवरची नजर काढून —