नेहमीची जागा

दि. १२ मार्च, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. माझं अक्षर बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहोत. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, म्हणून कागद घेतला. हिचा गुडघा आता बरा आहे. नव्या क्वार्टरला दोन खिडक्या जास्त मिळणार, म्हणून ती आतापासून पडदे शिवायला बसली आहे. कारखान्याची वाढ मंजूर झाली की साहेब मला प्रयोगशाळेचा प्रमुख करणार आहेत. तू म्हणशील, धाकट्याने नाव काढलं.

थांब, इतक्यात म्हणू नकोस.

सोमवारच्या सभेत तू मास्तरांना गप्प बसवलंस म्हणे. ते ओढ्याच्या पाण्याची बाटली घेऊन आले होते आणि तू उठून म्हणालीस, "माझा भाऊ स्वतः तपासतो ते पाणी. सख्ख्या भाच्यांना विष पाजेल का तो?" लोक हसले, टाळ्या पडल्या. साहेबांनी मला मुद्दाम चहाला बोलावून हे सांगितलं. "तुमच्या ताईंनी आमचं निम्मं काम केलं," म्हणाले. तो चहा मी तसाच ठेवून उठलो.

आता ऐक. रिपोर्टमध्ये एक रकाना असतो, नमुना कुठून घेतला. त्यात मी अकरा वर्षं लिहितोय, 'नेहमीच्या जागेवरून'. माझ्या आधीचेही तेच लिहायचे. तिथे दगडी पायऱ्या आहेत, पाय घसरत नाही. पण ती जागा कारखान्याच्या पाइपच्या वरच्या अंगाला आहे, ताई. रंगाचं पाणी ओढ्यात मिसळायच्या आधीचं पाणी मी बाटलीत भरत आलोय. पहिल्या वर्षी खरंच लक्षात आलं नाही. दुसऱ्या वर्षी आलं. पुढची नऊ वर्षं मी पायऱ्यांचं निमित्त सांगत काढली, तेही स्वतःलाच, कारण दुसऱ्या कुणी विचारलंच नाही.

शुक्रवारी काट्याकुट्यांतून खाली उतरलो, तुमच्या वस्तीच्या वळणापाशी. बाटली भरली, तीनदा तपासली. आकडे तुला कळायचे नाहीत. एवढंच कर, ते पाणी भाजीला घालू नका आणि पोरांना त्यात पाय बुडवू देऊ नका. मास्तरांच्या हातावरचं पुरळ उन्हाचं नाही.

हिला सांगितलं. पडदा बाजूला ठेवून म्हणाली, "या वयात तुम्हाला नवी नोकरी कोण देणार?" चुकीचं नाही बोलली. मलाही भीती वाटते. काल दिवसभर लिहीत होतो, फाडत होतो, घरातल्या घरात येरझाऱ्या घालत होतो. शेवटी हिने मला बाहेर पिटाळलं.

गुरुवारी वस्तीने वाढीला संमती द्यायची आहे. त्या सभेत हे पत्र वाचून दाखव. माझ्यापेक्षा तुलाच जास्त लाज वाटेल, कारण माझ्या भरवशावर शब्द तू दिलास. माफी मागायला मला तोंड नाही, तरी मागतो.

पण मी तुला ओळखतो. माझे सगळे अपराध तू पोटात घातलेस, हाही घालशील. धाकट्याच्या पोटावर पाय यायला नको म्हणून हे पत्र चुलीत टाकशील. म्हणून खालच्या पाण्याचा रिपोर्ट, माझ्या सहीचा, आज सकाळीच मास्तरांच्या हातात देऊन आलो. तुझ्या दारावरूनच गेलो. तू कपडे वाळत घालत होतीस. हाक मारायचा धीर झाला नाही.

अजून आपला म्हणशील तर तुझाच,
धाकटा